लोखंड किती द्यावं

९ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प जरा उशिरा, पण पक्का. रोज लिहायचं. एवढा मोठा खेळ कसा घडला ते पुढे मलाच आठवेनासं व्हायला नको.

खेळाचं नाव 'फ्रॉस्टमो', व्हिडिओ गेम. माणूस बर्फातल्या जंगलात रिकाम्या हातांनी उतरतो. काटक्या, दगड, मग तांबं, मग लोखंड. एका हत्याराच्या जोरावर पुढचं हत्यार. कुठे काय किती मिळावं, हे ठरवणारा मी. इल्वा ही स्टुडिओची मालकीण आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिला वाटतं ठरवणारी ती. वाटू दे.

मागच्या खेपेला चाचणीला आलेले लोक जेवणाच्या सुट्टीआधीच चिलखत घालून मोकळे झाले आणि जांभया देत बसले. म्हणून आज लोखंड पावपट केलं. टंचाई हीच मजा. इल्वाने विचारलं, 'एवढ्यात भागतं का? स्वतः खेळून बघितलंस?' बघितलं म्हणालो. खोटं नाही. आम्हा डिझायनर लोकांना एक बटण असतं, दाबलं की सामानाने भरलेली पेटी हजर. पेटी घेऊन खेळलो, पण खेळलो.

२२ जानेवारी
लोखंड कमी केल्यावरची पहिली चाचणी. आमच्या स्कोव्दे शहरातलीच सहा साधी माणसं. बूट दारात काढून मोज्यांवर बसली.

एक बाई सबंध सकाळ एकाच झाडावर कुऱ्हाड मारत होत्या. कसं वाटलं विचारलं. म्हणाल्या, 'शांत वाटलं. मग हात दुखला.' नोंद: वातावरण जमलंय. एका गृहस्थांना अस्वलाने तीनदा खाल्लं, तेव्हा ते उठून कॉफी प्यायला गेले ते आलेच नाहीत. नोंद: खेळ मनाला भिडतोय.

इल्वा दिवसभर कपाळाला हात लावून बसली होती. बहुधा भारावली असावी.

४ फेब्रुवारी
नुसत्या तक्रारी. म्हणे झाड पडायच्या एक घाव आधी कुऱ्हाड मोडते. नव्या कुऱ्हाडीला दांडा लागतो. दांडा त्या न पडलेल्या झाडात.

मी मीटिंगमध्ये म्हणालो, यात एक गूढ आहे. इल्वा म्हणाली, 'विदार, हे गूढ नाही. तुझं गणित चुकलंय.'

झाडाचा एक घाव कमी केला. आता एका कुऱ्हाडीत बरोबर एक झाड पडतं आणि एका झाडातून बरोबर एक दांडा निघतो. मग नवी कुऱ्हाड, नवं झाड. कुणी अडकत नाही, कुणी पुढेही जात नाही. याला म्हणतात संतुलन.

१७ फेब्रुवारी
आज सेमलांचा मंगळवार. सेमला, म्हणजे क्रीम भरलेले पाव, दोन खाल्ले. उद्यापासून बंद.

इल्वाने दार लावून घेतलं. एप्रिलमध्ये माल्मोचे प्रकाशक खेळ बघायला येणार. आवडला तर ठीक, नाही तर अर्ध्या लोकांना घरी पाठवावं लागेल. हे तिने फक्त मला सांगितलं. विश्वास म्हणतात तो हा. मग म्हणाली, 'लोखंड वाढव.' नाही म्हणालो. ती म्हणाली, 'विदार, त्या अर्ध्यांत तूही असशील.' मी विचारपूर्वक होकार दिला.

२ मार्च
लोखंड वाढवलं. चांगलं सढळ हाताने.

चाचणीला आलेल्यांनी दुपारच्या आत पोलादी चिलखतं चढवली. लांडगे आले तर लोक हसत होते. एकाने अस्वलाला कोपऱ्यात गाठून नुसतं ढकलत नेलं, सहज, गंमत म्हणून. घर कुणी बांधलं नाही. थंडी वाजत नसेल तर घर कशाला? शेवटी एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, 'आता काय?'

दोन शब्द. जेवण गेलं नाही.

३ मार्च
उपाय सापडला. पोलादी भाला! त्याला लागेल अस्वलाची चरबी, गोठलेल्या तळ्याच्या तळाचं लोखंड आणि पांढऱ्या हरणाचं शिंग. पांढरं हरीण सहसा दिसणार नाही. खरं सांगायचं तर ते अजून चितारलेलं नाही.

मालिन, माझी बायको, म्हणाली, 'तू आमच्यात असतोस की अस्वलांत?' कपडे धुवायच्या सामायिक खोलीतली आमची पाळी हुकली म्हणून चिडली होती. एप्रिलनंतर तिच्याकडे नीट लक्ष द्यायचं. लिहून ठेवतोय म्हणजे विसरणार नाही.

१३ मार्च, शुक्रवार
शुक्रवार म्हणजे घरी टाको, आणि टाकोसाठी फाल्शोपिंगहून सासूबाई. त्यांचं नाव गुनवोर. पोस्टातून निवृत्त. आयुष्यात पत्त्यांखेरीज काही खेळलेल्या नाहीत. मी त्यांना फ्रॉस्टमो लावून दिला. अडाणी खेळाडू कुठे अडखळतो ते बघायचं होतं.

त्या अडखळल्याच नाहीत, कारण कुठे गेल्याच नाहीत. उतरल्या तिथेच कुंपण घातलं. ओढ्यातले मासे पकडून दोरीवर वाळत टाकले. मी म्हणालो, 'डोंगराकडे चला, तिथे लोखंड आहे.' म्हणाल्या, 'कशाला?' मी म्हणालो, 'चांगली कुऱ्हाड होईल. मग चिलखत. मग पुढे जाता येईल.' त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. 'अरे विदार, पण आम्हाला जायचंय कुठे?'

मालिन हसता हसता सोफ्यावरून घसरली. मग तिनेही दुसरा कंट्रोलर घेतला. कुंपणाला फाटक लावताना मायलेकी इतक्या वाद घालत होत्या की जेवण गार झालं.

नोंद: या दोघींची मतं चाचणीत धरायची नाहीत.

२७ मार्च
सासूबाई आता मंगळवारीही येतात. मला भेटायला असावं. कुंपणाच्या आत आता कोठार आहे, वाफेचं न्हाणीघर आहे, वाटेवर चरबीचे दिवे आहेत. एकीने झाड तोडलं की दुसरी दांडा करते, आणि खेळ लाकूड दोघींना देत असल्याने एकीचं उरतं, त्यामुळे माझं संतुलन पार बिघडलं. मी दुरुस्ती करतो म्हणालो. मालिन म्हणाली, 'हात लावून बघ.'

इल्वाला सांगितलं की घरच्या चाचणीत गोंधळ आहे. ती म्हणाली, 'माहीत आहे, मी रोज बघते.' घरचा खेळ स्टुडिओच्या सर्व्हरवर साठतो हे मी विसरलो होतो. एवढं बारकाईने बघते म्हणजे तिलाही काळजी वाटत असणार.

९ एप्रिल
प्रकाशक आले. एक बाई, एक गृहस्थ. दोघे हसतमुख. इल्वा म्हणाली, 'विदारने बनवलाय, तोच खेळून दाखवेल.' मी बाह्या सरसावल्या. बटण दाबलं. पेटी आली नाही. पुन्हा दाबलं. इल्वा माझ्या कानाशी म्हणाली, 'ते काढून टाकलंय. लोक खेळतात तसा खेळ.'

खेळलो. काटक्या मिळाल्या. दगडही. पण दोन्ही बांधायला जे गवत लागतं ते कुठे उगवतं, ते आठवेना. मीच ठेवलंय कुठेतरी. पडद्यावर अंधार पडला आणि मी एका झाडाला टेकून गोठून मेलो. पुन्हा सुरू केलं. या वेळी लांडगा. प्रकाशकबाईंनी अदबीने विचारलं, 'हे असंच होणं अपेक्षित आहे का?' मी म्हणालो, टंचाई.

मग इल्वाने सर्व्हरवरून गुनवोरचं गाव उघडलं.

दिवे लागले होते. न्हाणीघरातून वाफ निघत होती, दोरीवर मासे हलत होते. बाईंनी कंट्रोलर हातात घेतला आणि कॉफी आली तरी खाली ठेवला नाही. गृहस्थ कोठाराचं दार उघडून आत काय काय आहे ते वाचत बसले. 'यात लोखंड कुठेय?' इल्वा म्हणाली, 'फाटकाच्या बिजागरीत. बाकी त्यांना लागलंच नाही.' बाईंनी विचारलं, 'कुणी बनवलं हे?' सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, माझ्या घरात घडलंय. अक्षरशः खरं आहे.

२१ एप्रिल
करार झाला. कुणाला घरी जावं लागणार नाही. एकच अट: खेळ त्या गावासारखा करायचा.

इल्वाने मला कॉफीला नेलं. दालचिनीचा पाव तिने घेऊन दिला, तेव्हाच काय ते कळायला हवं होतं. काय किती मिळावं ते यापुढे ती बघणार. सल्ल्याला आठवड्यातून दोन दिवस गुनवोर येणार. मी म्हणालो, 'आणि मी?' ती म्हणाली, 'तू दगड बघ. आकार, रंग, शेवाळ. तुला दगड कळतात.' आवाज मऊ होता. वीस वर्षांत ती माझ्याशी इतक्या मऊ आवाजात बोललेली नाही.

मुद्दाम विचार केला तर दगडाशिवाय खेळ सुरूच होत नाही. पाया म्हणतात तो हा.

सासूबाईंना खिडकीजवळची माझी खुर्ची दिली आहे. त्यांना पाठीचा त्रास आहे.

६ जून
राष्ट्रीय दिनाची सुट्टी. बाहेर झेंडे. खेळाची पहिली आवृत्ती बाजारात येऊन पंधरवडा झाला, लोकांना आवडलाय. एका परीक्षणात 'दगड सुरेख' असं आहे. दोनदा वाचलं.

सकाळपासून मालिन आणि सासूबाई सोफ्यावर, गावात. मी विचारलं, मीही येऊ का? दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, 'ये, पण लाकडं आणायचं काम तुझं. आणि कशाची मापं बदलायची नाहीत.' मालिनने सरकून मला जागा दिली. तिच्या इतक्या जवळ बसून बरेच दिवस झाले होते.

दुपारभर लाकडं वाहिली. न्हाणीघराची चूल माझ्यावर सोपवली आहे, म्हणजे गावाची ऊब माझ्या हातात. दोघी आत वाफ घेत होत्या, मी बाहेर बर्फात उभा होतो.

मालिन म्हणाली, 'भूक लागली असेल ना रे? सकाळपासून काही खाल्लं नाहीस.' सकाळपासून खरंच काही खाल्लं नव्हतं. मी हो म्हणालो. तिने पडद्यावरच्या माझ्या माणसाला एक वाळलेला मासा दिला. त्याने तो खाल्ला. मग ती म्हणाली, 'आता जा, चूल विझतेय.'

गेलो.