धरण, आत्या आणि तुमची बदली

आण्णा, मागच्या आठवड्यात मी आपलं गाव बघून आले. गाव म्हणजे जुनं गाव, पाण्याखालचं, तुम्ही उठवलेलं. यंदाच्या उन्हाळ्यात उजनी धरण पार मायनसमध्ये गेलं आणि आत्याच्या लेकीचा फोन आला, "गुरुजींची शाळा वर आलीया. येतीस का बघाय?" आत्या म्हणजे आपल्या शेजारची, मेंढरं राखणारी, दर भाऊबीजेला तुम्हाला ओवाळणारी तुमची मानलेली बहीण. हे तुम्हाला सांगायला नको, पण लिहिताना वाटलं, तुम्ही कदाचित विसरला असाल. विसरणं तुम्हाला सोयीचं होतं. मी रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरले, तिथून एसटीनं पुढं गेले. आत्याची लेक फाट्यावर छत्री घेऊन उभी होती. आम्ही दोघी एका इयत्तेतल्या. तिची शाळा चौथीत सुटली आणि मी शाळेतली बाई होऊन निवृत्त झाले. एवढ्या एका वाक्यात आमच्या दोघींचं सगळं आयुष्य बसतं, आणि ते वाक्य तुम्ही लिहिलंय.

गाळ वाळून त्याला भेगा पडल्यात. शंख-शिंपले पायाखाली करकरतात. तुमच्या शाळेची भिंत गुडघ्याएवढी राहिलीय, पायऱ्या मात्र तीनच्या तीन शाबूत. मारुतीचा पार ओळखू येतो. आपल्या घराचा फक्त उंबरा आहे, आणि त्याला लागून आत्याच्या घराची जागा. मधली भिंत कुठं होती ते आम्ही दोघींनी पावलं टाकून ठरवलं. त्या भिंतीला वर एक आरपार कोनाडा होता, त्यातून आई आणि आत्या दिवसभर बोलायच्या. कालवण, विरजण, निखारे, सगळं त्या कोनाड्यातून इकडचं तिकडं व्हायचं. दूरवर, जिथं पाणी उरलंय, तिथं पुण्याची माणसं मोठे कॅमेरे लावून पक्षी बघत होती. पाणी हिरवं आणि दाट होतं. वारा तिकडून आला की वास यायचा. आत्याची लेक म्हणाली, "ह्ये पानी आता जनावरंबी तोंड वाकडं करून पित्यात."

मी पाराच्या दगडावर बसले आणि मला ती बैठक आठवली. मी नऊ वर्षांची आहे. संक्रांत नुकतीच झालीय. जीपमधून आलेल्या साहेबाच्या हातावर आत्या तिळगूळ ठेवते आणि त्यांनाही गोड बोला म्हणते, सगळे हसतात. साहेब थोडंच बोलतात. बोलता ते तुम्ही. नकाशाचं एक टोक शिपायानं धरलंय, दुसरं तुम्ही. तुम्ही सांगताय की भीमा पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात आपण तिच्याच वाळूत झिरे खणत बसतो. ते वाहून जाणारं पाणी एकदा अडवलं की दोन्ही अंगांनी कालवे निघतील, माढा, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढ्यापर्यंत रान भिजेल, वीज होईल, सोलापूर शहराला प्यायला पाणी मिळेल. समोर बसलेल्या माणसांनी नुकत्याच सरलेल्या दुष्काळात खडी फोडलेली होती. त्यांच्या हातांचे घट्टे गेले नव्हते. तुम्ही म्हणालात, "पुन्हा ह्या जिल्ह्यात कुणाला खडी फोडावी लागणार नाही." खरं सांगते, आण्णा, तुम्ही तेव्हा फार छान बोलत होता. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं असं मला अजून वाटतं.

मी पुढं जाऊन विचारलं, "आण्णा, ह्यात आपलं गाव कुठंय?" नकाशावर एक निळा पट्टा होता आणि त्यात गावांची नावंच नव्हती. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मोठ्यांच्यात बोलू नये एवढंही शिकवलं नाही का मी? घरी जा." सगळ्या गावासमोर. मी घरी गेले नाही, पाराच्या मागं उभी राहिले, म्हणून पुढचं मला शब्द न् शब्द माहीत आहे. आत्या म्हणाली, "पोरगी बराबर इचारती की, गुरुजी. नदीकाठची माजी दोन एकर मळई जानार. तितं मी खरबुजं करती, हरभरा करती. माळावर मेंढरं काय दगडं खात्याल? मी न्हाय उठत." ती उठली नसती तर तिच्या भावकीतली आठ-दहा घरंही उठली नसती, हे साहेबाला ठाऊक होतं, तुम्हालाही होतं. तुम्ही नकाशा शिपायाकडं दिलात, तिच्यापुढं जाऊन बसलात आणि तिच्या बोलीत बोललात. एरवी तुम्ही आम्हाला त्या बोलीसाठी छड्या मारायचा. "आक्का, म्या हाय की तुमच्यासंगं. नव्या गावठानात पयलं बिऱ्हाड माजं पडंल. शाळा तितं, म्या तितं." आत्यानं पदर झटकला. "गुरुजी येनार म्हनल्यावर मग काय," म्हणाली, आणि अंगठा पुढं केला. शाई तुम्हीच लावलीत.

त्याच उन्हाळ्यात गावानं आपल्या घरांची दारं, चौकटी, तुळया काढून ट्रकमध्ये भरल्या. त्याच्या तीन आठवडे आधी आपला ट्रक सोलापूरला गेला. सरकारनं बदली केली, नोकरदाराच्या हातात काय असतं, असं तुम्ही दारोदार जाऊन सांगितलंत. लोकांना तुमची दया आली. आत्यानं आईच्या ओटीत खरबूज घातलं, त्या मळईचं शेवटचं. ट्रक हलला तेव्हा आई मागं वळून बघत नव्हती. मला वाटलं, तिला शहराची घाई झालीय.

सोलापुरात आपण गिरणीमागच्या दोन खोल्यांत राहिलो. शेजारीपाजारी विणकरांची तेलुगू घरं, माणसं फार चांगली, पण आईला त्यांचं बोलणं कळायचं नाही आणि त्यांना तिचं. स्वयंपाकघराच्या भिंतीकडं तोंड करून ती भाकरी थापायची, आणि कधीकधी हात थांबवून भिंतीकडं बघत राहायची. तुम्ही एकदा म्हणालात, "नळ आलाय दारात, आता आणखी काय पाहिजे बाईला?" तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. तुमच्या घरात कुणी काही बोलत नसे.

तिसऱ्या दिवाळीला आत्या भाऊबीजेला आली ती दुपार मी विसरणार नाही. पाटावर तुम्ही बसलेले, ताम्हण तयार. तिनं ओवाळलं, आणि मग पिशवीतून एक बाटली काढून तुमच्यापुढं ठेवली. "दादा, नव्या गावठानातल्या बोअरचं पानी हाय. प्या." तुम्ही हसून म्हणालात, "आक्का, आता चहा होतोय." ती म्हणाली, "च्या नगं. पानी प्या." तुम्ही बाटली उचलली नाही. मग तिनंच पेल्यात ओतलं आणि मला दिलं. मी घोटभर घेतलं आणि मला ते गिळवेना, इतकं मचूळ होतं. आत्या म्हणाली, "समूर धरान दिसतं. रोज दिसतं. पन कालवा आमच्याकडं कवा येनार?" तेव्हा तुम्ही मास्तर झालात. कालवा धरणाच्या खालच्या अंगाला निघतो, पाणी उताराकडं जातं, वर चढत नाही, ते शास्त्र आहे, वगैरे. आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्या दिवशी पारावर ह्ये शास्त्र कुटं गेलतं?" तुम्ही उठून सदरा घातलात आणि बाहेर निघून गेलात, चप्पल उलटी-पालटी घालून. आई आणि आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या आणि दिवेलागणीपर्यंत बोलत राहिल्या. तेवढा एक दिवस आईचा आवाज मी त्या घरात मोठ्यानं ऐकला.

त्यानंतर तिची मेंढरं एकेक करत गेली. माळावर चारा नव्हता, आणि काठाला ज्यांना पाइप आणि मोटारी घालता आल्या त्यांनी ऊस लावला. उसाच्या बांधाला मेंढरं कोण उभी करू देईल? आत्या दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाऊ लागली. तरी दर भाऊबीजेला ती आली, मरेपर्यंत. आणि तुम्ही दरवर्षी शाळेत सांगायचा, बघा, आक्कानं मला कधी अंतर दिलं नाही, विस्थापितांच्या मनात कटुता नाही. मी तुमच्या तोंडून हे वाक्य भाषणातसुद्धा ऐकलंय, टाळ्यांसकट.

तुम्ही गेल्यावर आईच्या पेन्शनसाठी मी तुमचं सेवा पुस्तक बघितलं. कारकुनानं पान उघडून दिलं, त्यात तुमच्या सोलापूरच्या बदलीपुढं लिहिलं होतं, 'विनंतीवरून'. कारण, अपत्याचे शिक्षण. आदेश दिवाळीच्या आधीचा होता, चालू शैक्षणिक वर्ष संपल्यावर हजर होण्याचा. म्हणजे संक्रांतीनंतर तुम्ही आत्यापुढं पारावर बसलात, 'पयलं बिऱ्हाड माजं पडंल' म्हणालात, तेव्हा तो कागद घरात ट्रंकेत होता. किंवा खिशात असेल. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिनं विचारलं, "कवाचा कागद?" मी सांगितलं. सोललेल्या पाकळ्या ताटलीत टाकत ती म्हणाली, "मला इचारलं न्हवतं." एवढंच. तुमच्याविषयी तिनं आयुष्यात केलेली ती एकच तक्रार.

आणि अपत्य म्हणजे मी. मी शिकावं म्हणून तुम्ही बदली मागितलीत हे मला कळतं. कुठल्याही बापानं मागितली असती, आणि मागायलाच हवी होती. तुम्ही पारावर उभं राहून सांगायचं होतंत की माझ्या पोरीसाठी मी शहरात चाललोय, तुमचं तुम्ही ठरवा. लोकांनी शिव्या दिल्या असत्या आणि दोन दिवसांनी माफही केलं असतं. पण मग आत्या उठली नसती, आणि साहेबानं तुमच्या पाठीवर हात ठेवला नसता. धरण काही तुमच्यामुळं झालं नाही, तुमच्यामुळं थांबलंही नसतं. पाणी अंगठा बघून चढत नाही. कदाचित आत्या महिनाभर भांडून, थोडी बरी जमीन पदरात पाडून उठली असती. तुम्ही तिचा तो महिना घेतलात. माझ्या प्रत्येक इयत्तेत, प्रत्येक पगारात तो महिना आहे, आणि त्यामुळं मला तुमच्यावर धड चिडताही येत नाही. तीस वर्षं मीही तिसरीच्या पोरांना आपल्या जिल्ह्यातलं धरण शिकवलं आणि त्याचे उपयोग पाठ करून घेतले. तुमच्यासारखंच, छान बोलून.

पारावर बसल्या बसल्या हे सगळं मी आत्याच्या लेकीला सांगितलं. ती म्हणत होती, "गुरुजींना सरकारनं न्हेलं, न्हायतर त्ये आमच्यासंगं असते तर कुनीतरी बोलाय असतं." मला ते ऐकवेना. मी म्हणाले, "सरकारनं नाही नेलं. त्यांनी मागून घेतली होती बदली. बैठकीच्या आधीच." तिनं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "ठाव हाय," म्हणाली. "तुला वाईट नगं वाटाय, म्हून तसं म्हनलं. आईला त्याच साली कळलं हुतं. करमाळ्याच्या बाजारात हापिसातला शिपाई भेटलता, त्यानं सांगितलं." मी विचारलं, मग ती ओवाळायला का येत होती? आत्याची लेक माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मला साधी बेरीज येत नव्हती. "तुज्या आईसाटी येत हुती की. आई म्हनायची, तिला तितं बोलाय कोन हाय? गुरुजीला ववाळल्याबिगार घरात कसं जाता येनार?"

आण्णा, हे तुम्हाला कळावं अशी माझी फार इच्छा आहे. इतक्या वर्षांत मला तुम्हाला सांगावंसं वाटलेलं एवढं एकच आहे. ती तुमच्यासाठी येत नव्हती.

संध्याकाळच्या गाडीनं मी परत आले. आत्याच्या लेकीनं बांधून दिलेली शेंगाचटणी अजून डब्यात आहे. लिहिलेले हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, तुमच्या फोटोपुढंही ठेवायचे नाहीत. ते मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे. पण तुमच्यावर एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट लिहिल्याशिवाय कागदाची घडी घालत नाही. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी येतं. काल सकाळी आलं. मी नळाला मोटार लावली, लावायची नसते तरी लावली, कारण सगळे लावतात. टाकी भरत होती, तेवढ्यात गल्लीच्या टोकाला राहणारी, विड्या वळणारी म्हातारी रिकामी घागर घेऊन दारात आली. तिच्याकडं मोटार नाही. "बाई, तुमच्याकडं तरी आलंय का पानी?" मी दार अर्धं ओढून घेतलं, म्हणजे आतला आवाज बाहेर जाऊ नये, आणि फार गोड आवाजात म्हणाले, "नाही हो आजी, आज दाबच कमी आहे सगळीकडं." ती बरं म्हणाली आणि गेली. तिला ते खरं वाटलं.