उधन्यापर्यंतची काशी

मुक्काम भेस्तान, सुरत
(गावाचं नाव वाचून दचकू नका, सगळं पुढं येतं)

वडीलधाऱ्या पार्वतीबाईंच्या पायांवर धाकट्या जावेचं डोकं. तुमचे गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे पत्र स्वतः वाचा. झालं नसेल तर गादीखाली ठेवा आणि झाल्यावर वाचा, पण सुनेला वाचायला देऊ नका. तुमच्या सुनेचं वाचन चांगलं आहे, पण आवाज त्याहून चांगला आहे, अमळनेरच्या बसस्टँडपर्यंत जातो. इकडची खुशाली विचाराल तर ताप नाही, खोकला नाही, भूक लागते, आणि तोंड दाखवायला जागा नाही. अक्षर माझंच आहे. दुसरीतून शाळा सुटली त्यानंतर एवढं लांब काही लिहिलं नव्हतं. मंदा म्हणाली (मंदा म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, तिच्याच घरात लपले आहे), मावशी, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नको बाई, काळं फासायचं ते आपल्या तोंडाला आपल्याच हातानं फासावं.

आमची सोनाली, योगराजची थोरली, कॉलेजात इतिहास शिकते ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीनंतर काशीला विद्यापीठात कार्यशाळा निघाली. जुन्या दगडांवरची अक्षरं कशी वाचायची ते तिथं शिकवतात म्हणे, आणि सुरतेतून ज्या पोरींची निवड झाली त्यांत आमची. (मला इथं पर्वत पाटियाच्या बसवरची गुजराती पाटी वाचता येत नाही, आणि नात दगड वाचायला निघाली. असो, घराण्यात एकानं तरी वाचावं.) योगराज म्हणाला, पोरीला एवढ्या लांब एकटीला धाडणार नाही. पोर रडायला लागली, तिची आई ज्योती पोळ्या आपटायला लागली. मी तांदूळ निवडत होते, तिथूनच म्हटलं, मी जाते तिच्यासोबत. सगळ्यांना वाटलं, म्हातारीचं नातीवर केवढं प्रेम. बाई, तुमच्याजवळ काय लपवायचं, मला त्या सगळ्या बोलण्यात काशी एवढंच ऐकू आलं होतं.

आता रागावू नका, पण ह्यात तुमचाही हात आहे. तुम्ही काशी करून आलात त्याला किती वर्षं झाली, पण घरात कुणाचं बारसं असो की बारावं, तुमची गंगा मध्ये आल्याशिवाय राहत नाही. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ सोडून यावा लागतो, तुम्ही कारलं सोडून आलात. जन्मात कधी कारलं खाल्लं नव्हतं तुम्ही. हे मी चारचौघींत बोलले होते आणि तुम्ही दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीत, ते लक्षात आहे माझ्या. तर मला वाटलं, आपणही एकदा जाऊन यावं आणि ह्या बाईच्या बरोबरीनं पाटावर बसावं. देवाचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

गल्लीत बातमी गेली ती अशी, की सखुबाई काशीला चालली, सोबतीला नात आहे. मी दुरुस्त केलं नाही. कार्यशाळा कुणाला समजावत बसा? आपल्या लोकांत काशीला एकाच कामाला जातात. झालं, जेवणाची बोलावणी सुरू झाली. बन्सीलाल म्हणजे आमच्या गल्लीच्या मंडळाचा पुढारी, त्याच्या बायकोनं खापरावरचे मांडे केले. ज्या बायका नळावर माझ्याशी हंड्यावरून भांडायच्या त्या ओटी घेऊन यायला लागल्या. माझ्याहून मोठ्या बाया पाया पडायला लागल्या आणि मी पाय मागं घ्यायच्या ऐवजी जरा पुढंच करायला लागले. (सवय लवकर लागते, तुम्हाला माहीत असेल.) काय सोडायचं ह्यावर ओट्यावर सभा भरली. ज्योती म्हणाली, आत्याबाई, तुम्ही मिसरी सोडा. एक जण मागून म्हणाली, बोलणं सोडलं तर सगळी गल्ली पुण्यवान होईल. मी म्हटलं, सोडायचं तर पार्वतीबाईंसारखं कारलं नाही सोडणार, वांग्याचं भरीत सोडणार. खान्देशात जन्मलेल्या बाईनं भरीत सोडायचं म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. माझ्या स्वतःच्याच अंगावर काटा आला, इतकी मी मोठी दिसले मला.

आणि मग सोनाली कॉलेजातून आली आणि मला मोरीमागं नेऊन म्हणाली, आजी, पोरींसोबत कॉलेजच्या मॅडम येणार आहेत, घरच्यांना यायची परवानगी नाही, जागाच नाही. बाई, त्याच क्षणी ओट्यावर जाऊन सांगायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घरी जेवण होतं आणि त्यांनी साडी आणून ठेवली होती. म्हटलं, जेवून आल्यावर सांगू. दुसऱ्या दिवशी दुसरं घर. मी खोटं असं बोललेच नाही, फक्त खरं बोलायचं ते पुढं ढकलत गेले, आणि योगराजला सांगितलं की तिकिटं मॅडमकडं आहेत. (हे मात्र खोटंच, ते मोजा.) सोनाली चिडली की गुजरातीवर जाते. म्हणाली, "आजी, आ खोटुं छे." खोटं ही गोष्ट कुठल्याही भाषेत लवकर कळते. मी तिला म्हटलं, तू दगड वाच, माणसं मी वाचते.

इथपर्यंत हसा. पुढं हसण्यासारखं नाही.

शेजारच्या खोलीत धुरपदाबाई राहते. परभणीकडची. नवरा लूमवर कामाला होता, गेल्या थंडीत गेला. माझ्याहून मोठी, कमरेत वाकलेली, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती आली, चौकटीच्या बाहेरच थांबली. हातात लाल फडक्याची पोटली. मला कळलं काय आहे ते. नवऱ्याला तापीत सोडताना थोड्या अस्थी तिनं काशीसाठी राखल्या होत्या, त्याची तशी इच्छा होती म्हणे. पोटली घरात ठेवता येत नाही म्हणून मागच्या शेवग्याला टांगलेली असायची. मी रोज तिथं धुणं वाळत घालायची आणि मला वाटायचं, बियाणं आहे.

ती म्हणाली, "सखुबाई, पोराला रजा मिळंना. तुमच्या हातानं जाऊ द्या."

आणि पोटली माझ्या पदरात घालून पाया पडली. ती वाकली तेव्हा तिच्या कमरेचं हाड वाजलेलं मी ऐकलं. बाई, माझं तोंड सगळ्या सुरतेत प्रसिद्ध आहे. मकानमालकाला, मुकादमाला, रेशनवाल्याला मी कधी घाबरले नाही. प्लेगच्या साली अर्धं शहर गाठोडी बांधून पळालं तेव्हा मी एकटी दारात बसून मिसरी लावत होते. आणि त्या वाकलेल्या बाईसमोर 'मी जात नाहीये' एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, काळजी करू नका.

मनाशी ठरवलं की दाखवण्यापुरतं गाडीत चढायचं, पुढच्याच उधना स्टेशनावर उतरायचं, आणि तेवढ्यात पोटली सोनालीच्या हातात द्यायची, ती गंगेत सोडेल, त्या माणसाला काशी मिळेल आणि माझी झाकली मूठ राहील. स्टेशनावर बन्सीलालनं ढोल आणला होता. एवढे हार घातले की समोरचं दिसेना. तो माझ्या पाया पडून म्हणाला, "माय, आम्हनं नाव लेजो तठे." मी 'घेईन' अशी मान हलवली. योगराजच्या डोळ्यांत पाणी आलं. (माझा मुलगा बापाच्या तेराव्यालाही रडला नव्हता, इथं रडला, तेही फुकट.) डब्यात चढले, गाडी हलली, ढोल मागं राहिला. उधना यायला कितीसा वेळ? पोटली द्यायला पदर सोडला तर समोर मॅडम बसलेल्या. चष्मा, सुती साडी, हातात पुस्तक. मला म्हणाल्या, आजी, तुम्ही नातीला उधन्यापर्यंत सोडायला आलात, किती छान. एवढ्या शिकलेल्या बाईसमोर कसं सांगू, की मी खोटी यात्रेकरू आहे आणि ह्या मेलेल्या माणसाला तुमच्या कार्यशाळेत घेऊन जा? मी पदर परत खोचला. गाडी थांबली, सोनालीनं मला खाली उतरवलं, पिशवी हातात दिली, गाडी गेली. काशीची सगळी आशा त्या डब्यात, आणि पोटली माझ्या कमरेला.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं गळ्यातले हार पाहिले आणि अदबीनं विचारलं, "बा, जात्राथी आव्या?" मी म्हटलं, हो रे बाबा, फार लवकर झाली.

तर अशी मी भेस्तानात आहे. बाहेर पडता येत नाही, कुणी ओळखीचं दिसलं तर? खिडकीतून लपून बघते, उंदरासारखी. मंदा चांगली आहे, काही विचारत नाही, तिचा नवरा वाल्मिक तर बोलतच नाही. पहिल्याच दिवशी तिनं भरीत केलं, कळण्याच्या भाकरीसोबत, वर कांद्याची पात. मी खाल्लं. दोनदा घेतलं. पोटली घरात आणता येत नाही म्हणून मागच्या लिंबाला टांगली आहे. सकाळी तोंड धुवायला मागं जावं लागतं आणि ती तिथं असते. ज्या माणसाशी मी जिवंतपणी कधी दोन शब्द बोलले नाही, त्याच्याकडं पाठ करून मी चूळ भरते. मला रडू येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या भावजींच्या वेळीही आलं नव्हतं. पण लाज ही रडण्याहून वाईट, ती पुसता येत नाही. सोनाली परत येईल त्या दिवशी उधन्याला जाऊन तिच्या डब्यात चढायचं आणि सुरतेला हार घालून घ्यायचे, असा बेत आहे. हा बेत करणारी बाई मीच, हे मलाच खरं वाटत नाही.

लहानांना पापा, तुम्हाला पुन्हा एकदा डोकं. थंडी वाढते आहे, गुडघ्यांना तेल लावा आणि माझ्या नावानं बोटं मोडायची ती हळू मोडा, सांधे दुखतील.

तुमची धाकटी जाऊ,
सखू

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. तुमच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे, डाग देऊन बंद केलेला, तो मिळेल का? परत गेल्यावर सगळ्या गल्लीला तीर्थ द्यावं लागेल. तुम्ही तो शेवटच्या वेळेला तोंडात घालायला जपून ठेवला आहे हे मला माहीत आहे, पण तुमची प्रकृती देवाच्या दयेनं ठणठणीत आहे.

दुसरं ता. क. (पत्र पेटीत टाकायच्या आधी लिहिते आहे.) आज दुपारी धुरपदाबाई इथं आली. बस बदलून, काठी टेकत. मी दाराआड गेले, पण घर केवढं आणि मी केवढी. ती खाली बसली, मंदानं चहा दिला, तो बशीत ओतून प्याली. वाल्मिक आणि धुरपदाबाईचा पोरगा एकाच लूमखात्यात आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाल्मिक घरात बोलत नाही, खात्यात बोलतो. गल्लीला पहिल्या आठवड्यातच कळलं आहे, योगराजलाही. कुणी काही बोलणार नाही म्हणाली, पण यात्रेहून आल्यावर मावंद्याचं जेवण घालतात ते मात्र सगळे धरून बसले आहेत, बन्सीलालनं आचारी सांगितला आहे. मी मागं जाऊन लिंबावरून पोटली काढली आणि तिच्यापुढं धरली. म्हटलं, धुरपदाबाई, चुकलं माझं, हे तुमचं तुम्ही घ्या. तिनं हात पुढं केला नाही.

"पाया पडून दिलंय मी. देवापुढं ठेवलेला नारळ कुणी परत उचलून नेतंय व्हय? तुमाला जवा जमंल तवा न्या."

असं म्हणून काठी घेऊन उठली आणि बसला गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता येतं.

तिसरं ता. क. गडू राहू द्या, नको. मला जावं लागणार आहे, खरोखर. पण बाई, मला तिकडचं काही ठाऊक नाही आणि मला भीती वाटते. मुलाला कोणत्या तोंडानं सांगू? तुम्हाला वाट माहीत आहे, घाट माहीत आहेत, कुठला पंडा लुबाडतो ते माहीत आहे. गाडी अमळनेरवरूनच जाते. तुम्ही माझ्यासोबत चला. कारल्याबद्दल मी चारचौघींत बोलले होते, चारचौघींत माफी मागेन, हव्या त्या चौघी तुम्ही निवडा.

चौथं ता. क. तुमच्या होकाराची वाट बघत बसले तर माझा धीर सुटेल. म्हणून पत्र टाकते आणि उद्याच पोटली घेऊन तुमच्याकडं निघते. पत्र आधी पोचलं तर स्टेशनावर कुणाला तरी पाठवा. मी आधी पोचले तर हे पत्र आल्यावर न वाचता चुलीत घाला, मी समोर बसून एवढं सगळं तुम्हाला सांगू शकणार नाही.