अडकणारे सर

गुडगाव
९ सप्टेंबर १९९८

प्रिय हेमांगी,

चांगला शिक्षक कोणाला म्हणावं, हे बी.एड.च्या निबंधासाठी विचारायला तू पुण्याहून एसटीडी केलास, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पुण्यात शिक्षकांचा दुष्काळ पडलाय का? आणि मी उत्तर देत असताना आज वार कोणता, काल जेवायला काय होतं, हे मधेच कशाला? तुझ्या आईने तुझे कान भरलेले दिसतात. तिच्याकडेही बघतो.

तुझ्या प्रश्नावर इथे दोन माणसांचं एकमत नाही. आमच्या या नव्या, एसी बसवाल्या शाळेत फिजिक्सचा अंकुर आहे. त्याच्या मते चांगला शिक्षक तयारी करून येतो, कोर्स वेळेत संपवतो. हे तो नेमकं माझ्याकडे बघून बोलतो. दिल्लीच्या सरकारी शाळेत मीही जन्मभर तेच म्हणत आलो. फळ्यावर माझी एक पायरी कधी चुकली नाही. पण बारावीच्या मुलांनी प्रिन्सिपल बाईंना सांगितलं, भालचंद्र सर सगळ्यांत चांगले, कारण ‘सर जानबूझकर अटकते हैं, ताकि हम सोचें.’ बाई इतक्या खूश झाल्या, की नव्या शिक्षकांना ही ‘पद्धत’ महिनाअखेरीस मीच शिकवायची आहे. मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून स्टाफरूममध्ये कोणी हसलं तरी मला वाटतं, माझ्यावरच हसतायत.

शनिवारी शिक्षक दिन झाला. त्या दिवशी बारावीची मुलं शिक्षक होऊन तास घेतात आणि आम्ही विद्यार्थी होऊन बसतो, तुझ्या शाळेतही असायचं. आमच्या वर्गात इशिता नावाची मुलगी मी झाली. चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशाला खडूचा डाग. इंटिग्रेशनचं गणित अर्ध्यावर आलं आणि ती फळ्याकडे बघत नुसती उभी राहिली. ‘अरे यार, यहाँ तो मैं फँस गया, कोई निकालो मुझे!’ वर्गात हशा पिकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून, अगदी माझ्या शेजारून, एक मुलगी उठली आणि पुढची पायरी सांगून बसली.

मग माझी ट्यूब पेटली. माझ्या तासालाही असंच होतं. सोमवारी अडकलो की पहिल्या रांगेतलं कोणीतरी उठतं, मंगळवारी दुसऱ्या रांगेतलं, शनिवारी शेवटच्या. गणिताच्या मास्तरला हा क्रम इतके दिवस कसा दिसला नाही? कारट्यांनी वार वाटून घेतलेत! ज्यांचा वार, ती मुलं धडा आधीच घरी सोडवून येतात. घटक चाचणीत हा वर्ग सगळ्या तुकड्यांत पहिला आला, आणि बाईंनी अभिनंदन केलं माझं.

तास सुटल्यावर इशिताला गाठून चांगलं दरडावलं. हा काय खेळ लावलाय तुम्ही? ती एवढंच म्हणाली, ‘सर, आप बस आते रहिए, बाकी हम देख लेंगे.’ आणि रडायला लागली. चोरी पकडली गेली म्हणून मूल असं रडत नाही, हेमांगी.

मी मुद्दाम अडकत नाही. पुढची पायरी मला खरंच आठवत नाही. उन्हाळ्यापासून हे चाललंय आणि कोणाला कळू नये म्हणून मी सगळ्यांवर डोळा ठेवून होतो. मुलांना कळलंय, तुझ्या आईला कळलंय, तुलाही. माझ्या तोंडून मात्र तूच पहिल्यांदा ऐकते आहेस, त्यासाठीच हे पत्र. मला भीती वाटते. डॉक्टरकडे एकट्याने जाववत नाही, तू ये. प्रिन्सिपल बाईंना खरं सांगितलं की तो वर्ग माझा राहणार नाही, म्हणून तू येईपर्यंत थांबतो. बाईंना सांगण्याआधी एक दिवस माझ्या तासाला येऊन बस. निबंधाचं उत्तर मिळेल. फळ्याकडे बघू नकोस, मुलांकडे बघ.

तुझाच,
बाबा