पन्नास मीटरवरचं माझं कार्ड

२ नोव्हेंबर, रविवार
कुडाळच्या नेमबाजी क्लबमध्ये आज शंभरपैकी बासष्ट. अंतर पन्नास मीटर. वारा होता. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे गोळी किंचित बाजूला जाते, हे त्या रेंजवर फक्त मला माहीत. मी हायस्कूलला भूगोल शिकवतो. बाकीच्यांना पृथ्वी फिरते हेच माहीत नाही, म्हणून त्यांचे गुण जास्त येतात.

निर्णय: आता स्वतःच्या बळावर आणखी पुढे जाणं अशक्य. माझ्या तोडीचा गुरू हवा. हे मिठबाव आहे. इथे बांगडा मिळतो, गुरू मिळत नाही.

५ नोव्हेंबर
मालवणला एक निवृत्त सुभेदार आहेत. भेटलो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि आधी पोट कमी करा म्हणाले. मी सांगितलं, मी झोपून नेम धरतो, पोट खाली असतं, कुणाला दिसत नाही. ते म्हणाले, म्हणूनच. पोटावर तुमची होडी होते, लाटेवर डुलल्यासारखी.
लष्करी माणसं. विषय कळत नाही. नापसंत.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रदीर्घ संशोधनानंतर नाव काढलं. शर्मिष्ठा बाई, शिरोडा. राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या. आता निवृत्त, पुढच्या रविवारपासून कुडाळला शिकवणार. (नंबर बायकोने, सुगंधाने, तिच्या मैत्रिणीकडून आणला. पण संशोधनाची दिशा माझी होती.)
फोनवर मी माझं तंत्र सविस्तर सांगितलं. पृथ्वीच्या फिरण्याचंही सांगितलं. बाई बराच वेळ गप्प होत्या. बहुतेक लिहून घेत असाव्यात. मग म्हणाल्या, सर, पन्नास मीटरला पृथ्वी तुमच्यासाठी थांबलीय असं समजा आणि रविवारी या.

१६ नोव्हेंबर, रविवार
पहिला धडा. सकाळभर एकही गोळी नाही. रिकामी रायफल, चटई आणि श्वास. श्वास घेणं मला बऱ्यापैकी जमतं, सत्तेचाळीस वर्षांचा अनुभव आहे. तसं म्हटलं. बाई हसल्या नाहीत.
ट्रिगर दाबताना मी डोळे मिटतो, असं त्यांचं निरीक्षण. मी म्हटलं, ती एकाग्रता आहे. त्या म्हणाल्या, ती भीती आहे.
गुरू बदलावा का?

१८ नोव्हेंबर
जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य आंब्याच्या कलमांच्या बागेत गेलं, बंदूक कधी हातात धरली नाही. त्यांनी विचारलं, "गोळी नाय, तर मग थंय करतंस काय?" मी म्हटलं, श्वास. ते म्हणाले, "तो तर तू हयंय घेतंस. पेट्रोल कित्या जाळतंस?"
सुगंधा भात आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हसत होती. मला ऐकू येतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
गोळ्या मिळाल्या. गुण छप्पन. कारण: काल रात्रीची तिखट आमटी. बाईंना सांगितलं. म्हणाल्या, आमटीने रायफल धरली नव्हती, तुम्ही धरली होती. वाक्य नीट कळलं नाही, पण लागलं.

३० नोव्हेंबर, रविवार
सत्तर. आज डोळे मिटले नाहीत. मिटायचे नाहीत हे मी मनाशी केव्हाच ठरवलं होतं, बाईंनी तेच नेमकं सुचवलं हा योगायोग.

३ डिसेंबर
एकवीस तारखेला जिल्हा स्पर्धा. पहिले तिघे राज्य स्पर्धेला जाणार. ती जानेवारीत. मी आजच मुख्याध्यापिकांकडे जानेवारीची रजा टाकली. त्यांनी विचारलं, निवड झाली का? मी म्हटलं, औपचारिकता राहिलीय.
स्टाफरूममध्ये पेढे मागितले गेले. दिले. आत्मविश्वास सार्वजनिक असावा.

७ डिसेंबर, रविवार
अठ्ठ्याहत्तर! बाई म्हणाल्या, बरं. इतकंच. मोठी माणसं कौतुकाला घाबरतात.

१२ डिसेंबर
बाबा स्पर्धा बघायला येणार म्हणतात. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "डोळ्याचा ऑपरेशन झाला, आता लांबचा दिसता. काय तरी बघूक व्हया मा."
आता खरी गोष्ट लिहितो, वाचायला कोण येणार आहे. शाळेत नाटकात होतो, बाबा आले नाहीत, बागेत फवारणी होती. कॉलेजात बक्षीस मिळालं, तेव्हा मोहर होता. माझ्या आदर्श शिक्षक सत्काराच्या दिवशी आंबा पेट्यांत भरायचा होता. आताही मोहर आहे. तरी येतो म्हणतात.
मला त्याने काहीच फरक पडत नाही. इस्त्रीला नवा टीशर्ट दिला.

१४ डिसेंबर, रविवार
त्र्याहत्तर. बाबा येणार म्हणून नेम ढळतो, असा बाईंचा शोध. साफ चूक. हवेत दमटपणा होता.
बाईंनी एक युक्ती दिली. चटईवर पडायचं, नेम धरायचा, डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे. उघडल्यावर रायफल जिकडे बघत असेल तिकडे शरीर सैल आहे असं समजायचं. मग हातांनी ओढायचं नाही, अख्खं अंग सरकवून निशाणाच्या कार्डासमोर यायचं.
सोपं आहे.

२१ डिसेंबर, रविवार. कुडाळहून परत
क्रमाने लिहितो.
माझी लेन सातवी. आठवीत कणकवलीचा कुणी चंदन होता, तो आलाच नाही. लेन रिकामी, समोर त्याचं कोरं कार्ड टांगलेलं. बाबा मागे प्रेक्षकांत, पांढरा शर्ट, पायांत सणाच्या वहाणा. बाईंनी त्यांना स्टँडवरची दुर्बीण दिली आणि गोळ्या कुठे लागतात ते कसं बघायचं हे दाखवलं. बोलायचं मात्र नाही, असंही बजावलं. स्पर्धेत बोलायला बंदी.
मी पडलो. नेम धरला. डोळे मिटले. दोन श्वास. उघडले तर कार्ड बरोबर मधोमध! अंग सरकवावंसुद्धा लागलं नाही. देव कुणकेश्वराचं नाव घेतलं आणि पहिली गोळी सोडली.
अशी नेमबाजी मी आयुष्यात केली नाही. हात दगड. श्वास बाईंनी शिकवलेला. दुसऱ्या गोळीनंतर मागून बाबा खोकले. तिसऱ्यानंतर पुन्हा. चौथ्यानंतर तर थांबेचनात. मला वाटलं, बाबा भारावलेत. माझेही डोळे भरायला लागले, पण आवरलं, नेम महत्त्वाचा. पुढच्या प्रत्येक गोळीला खोकला. पंचांनी त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि पुन्हा खोकले.
दहा गोळ्या संपल्या. उठलो. मागे वळून बाबांकडे बघून हात जोडले. ते कपाळाला हात लावून बसले होते. हेही मला भावनेनंच वाटलं.
कार्डं आली. सातव्या लेनचं कार्ड कोरं. एक भोक नाही.
आठव्या लेनचं: चौऱ्याण्णव.
मी शेजारच्या कार्डावर झाडत होतो. डोळे उघडल्यावर समोर जे होतं, तेच माझं समजलो.
नियम स्पष्ट आहे. मला शून्य. चंदनलाही काही नाही, तो नव्हताच. आजच्या दिवसातला सगळ्यात मोठा आकडा कुणाचाच नाही. पंचांनी तरी कार्डाचा फोटो काढला, त्यांच्या ग्रुपवर टाकायला.
बाई आल्या. मला वाटलं ओरडतील. त्या ते कार्ड हातात घेऊन उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, सर, माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने पाच आठवड्यांत असं मारलेलं नाही. मग म्हणाल्या, दुसऱ्याच्या कार्डावर तर अजिबातच नाही.
गाडीने घरी निघालो. कसाल गाव गेल्यावर बाबा म्हणाले, "दुसऱ्या गोळयेक माका कळला. किती खोकलंय रे. घसो फाटलो."
मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?
"तुझ्या कार्डाक बघूकच इलेलंय मा मी. दुसऱ्याचा कित्या बघतलंय?"
 हेडलाइटची काच खराब आहे, पुढचं नीट दिसत नव्हतं. गाडी जरा वेळ बाजूला घेतली.

२२ डिसेंबर, सोमवार
सकाळी बाईंना फोन केला. फेब्रुवारीत क्लबची स्पर्धा आहे, तयारी कधी सुरू करू? त्या म्हणाल्या, नेम तुमचा आता बरा आहे, मी शिकवण्यासारखं थोडंच उरलंय. बाकीचं शिकवायला वडिलांना आणत जा.
मी म्हटलं, बाई, त्यांना नेमबाजीतलं ओ की ठो कळत नाही.
त्या म्हणाल्या, तुमचं कार्ड कुठलं ते कळतं.
फोन ठेवला. बाबा अंगणात खोकत होते. घसा खरंच बसलाय. सुगंधाने सांगितलं, गरम पाण्यात मीठ घालून दे. नेऊन दिलं.