उतरताना तीच वाट

सोमवार, ८ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझी ती पत्र्याची कंपासपेटी आठवते? कालपासून कानात तिचाच खुळखुळाट आहे. शाळेला उशीर झालेला, टेकडीवर दाट धुकं, तू पुढे पळतेस नि मी मागे धापा टाकतोय. तू दिसायची नाहीस, नुसती दप्तरातली पेटी वाजायची. त्या आवाजाचा माग धरून मी शाळेत पोचायचो. आयुष्यात पुढे इतकी खात्रीची वाट मला कुणी दाखवली नाही.

आठवण यायचं कारण म्हणजे काल मी या वयात डोंगर चढलो! आमच्या सूनबाई शाळेत खेळ शिकवतात हे तुला ठाऊकच आहे. महिन्याभरापासून त्यांनी घरातही शिट्टी फुंकायला सुरुवात केली आहे. दर रविवारी सहकुटुंब टेकडी. नियम असा, की बसच्या तिकिटापलीकडे दमडी खर्च करायची नाही. डबा घरचा, पाणी घरचं, आणि करमणूक म्हणून मी. पाण्याच्या टाकीमागची वाट झाली, कालव्याकाठची झाली, काल दगडखाणीच्या अंगाने चढलो. वर वारा असा सुटला होता, की मी नातीला आपली दुसरीतली कविता म्हणून दाखवली:

पायवाटे, पायवाटे, कुठे गं तू जाशी?
टेकडीच्या पलीकडे...

आणि अडलो. शेवटचा तुकडा काही केल्या आठवेना. तुला येत असेल तर कळव.

आता मनातलं लिहितो. अक्का, हे सगळं मला सरळ दिसत नाही. ज्या मुलाला रविवारी दहापर्यंत हलवून जागं करावं लागायचं, तो पहाटे बूट घालून उभा असतो. सूनबाई माझ्याकडे बघतात आणि मग हातातल्या घड्याळाकडे बघतात. मी दम खायला टेकलो की दोघं एकमेकांना डोळ्यांनी काहीतरी सांगतात. घोडा विकत घेण्यापूर्वी त्याला फिरवून बघतात, तसं काहीसं वाटतं. की विकण्यापूर्वी?

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही, कारण भिंतीला कान आहेत. म्हणून हा पत्राचा खटाटोप. तुझा लोभ आहे म्हणून तर हे लिहिण्याचं धाडस.

तुझा,
धाकटा


सोमवार, १५ जानेवारी

चि. कविराज यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली, मग परत हसले. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्यास, आता निवृत्तीनंतर घरच्यांच्या शोधतोस का? सून डोंगरावर नेते, घरात कोंडून ठेवत नाही, याचा आनंद मान. आमच्या शेजारणीची सून तिला गच्चीवरसुद्धा नेत नाही.

कंपासपेटी अजून आहे बरं माझ्याकडे. पूर्वी तिच्यात कर्कटक असायचा, आता रक्तदाबाच्या, गुडघ्याच्या आणि झोपेच्या गोळ्या असतात. चालले की खुळखुळते. माझे गुडघेही खुळखुळतात, त्यामुळे कोणता आवाज कुणाचा ते मला कळत नाही.

जरा सविस्तर लिही. बसमधून उतरल्यावर चालायला किती पडतं? वाटेत सावली आहे का? तुझे पाय दुखतात का? दर आठवड्याला एवढं जमेल का तुला? खरं काय ते सांग, मर्दुमकी नको.

कवितेचा तुकडा मला येतो, पण लिहिणार नाही. कविता समोर बसून म्हणायची असते. भेटशील तेव्हा.

माया आहे, ती न मागताही मिळेल.

तुझी,
अक्का


सोमवार, २२ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पाय ठणठणीत आहेत. डोकं मात्र ठणकतंय. माझा संशय खरा ठरला.

इतके रविवार चढायची वाट दर वेळी नवी होती. मी भाबडा, नव्या वाटेच्या नादात गुंग. पण उतरायची वाट? उतरताना तीच! टाकीमागून चढा, कालव्याकडून चढा, खाणीकडून चढा, खाली येतो ते एकाच उंच भिंतीशी. लोखंडी फाटक, आत एक लांबट बैठी इमारत. तिथे आल्यावर हटकून कुणाच्या तरी बुटात खडा जातो किंवा पाणी संपतं. पाणी मागायला सूनबाई आत जातात आणि बाटली भरायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळाने परततात.

काल मी फाटकाशी गेलो. पाटी वाचली. वृद्धनिवास. अक्का, पाटीवरच्या अक्षरांत एकही चूक नव्हती. मी तीनदा तपासली.

आत सूनबाई तिथल्या व्यवस्थापक बाईंशी बोलत होत्या. डोंगराकडे तोंड असलेली खोली कधी रिकामी होईल, असं विचारत होत्या. मुलगा मला पाहून एकदम आभाळाकडे बोट दाखवून म्हणाला की घार बघा. घार कसली, कावळा होता. नात हसायला लागली, तर तिच्या आईने तिला डोळे वटारले. परतीच्या बसमध्ये तिला विचारलं, तर म्हणाली की सांगितलं तर पुढच्या रविवारी टेकडीवर नेणार नाहीत. पोरीलाही फितवलंय.

म्हणजे चढताना पोटात शिरायचं आणि उतरताना पाठीत सुरा! मी काही मागितलं का गं त्यांच्याकडे? खिडकीजवळची एक खाट, दोन फळ्या पुस्तकं आणि सकाळी नातीची वेणी घालायचं काम. तेवढ्यावर माझा दिवस राजासारखा जातो. ते जाईल म्हणून जीव तुटतो. तिथे कुणाची वेणी घालू?

मी ठरवलंय. त्यांनी काढायच्या आत आपण निघायचं. रविवार, ४ फेब्रुवारीला सकाळच्या बसने तुझ्याकडे येतो, कायमचा. मी फार जागा अडवत नाही. तू कविता म्हण, मी भांडी घासतो.

तुझ्याशिवाय आता कुणाच्या लोभावर भिस्त ठेवू?

तुझा,
धाकटा


शनिवार, २७ जानेवारी

चि. कविराज यांस,
अनेक आशीर्वाद.

घाईने लिहिते. तू इकडे येऊ नकोस. म्हणजे ये रे, तुला कोण नाही म्हणेल, पण आत्ता नको. घराला रंग द्यायचा आहे, सामान सगळं अस्ताव्यस्त पडलंय. बसायला धड जागा नाही.

सुनेला वाईट समजू नकोस. ती पोर सोन्यासारखी आहे. आणि तसल्या जागांचं इतकं भय का घेतोस? माणसंच राहतात तिथे. निळ्या खिडक्या, अंगणात बाकडी, जोडीला बोलायला चार तोंडं. त्यात जीव तुटण्यासारखं काय आहे? आपल्याच वयाची माणसं, आपल्याच दुखण्यांच्या गप्पा.

थोडे दिवस कळ काढ. माझ्या शब्दावर विश्वास ठेव.

तुझी,
अक्का


सोमवार, २९ जानेवारी

ती. आत्यांना,
शि. सा. न.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू जात नाही आणि बाबा सारखे कान देऊन असतात, म्हणून शाळेतल्या मधल्या सुट्टीत लिहिते आहे.

आत्या, तुम्ही शपथ घातली होती म्हणून आम्ही दोघं गप्प राहिलो. घरमालकाने तुम्हाला घर सोडायला सांगितलं हे बाबांना कळू द्यायचं नाही, कारण ते स्वतःची खाट तुम्हाला देऊन जमिनीवर झोपतील. हे तुमचं म्हणणं मला पटलं होतं. आपल्या भावाजवळ राहायचं पण त्याच्या अंगावर पडायचं नाही, ही तुमची जिद्दही समजते. तुम्ही सांगितलंत तसं वृद्धनिवासात सगळं बघितलं. निवांत दुपारी कसं असतं, रविवारी कोण भेटायला येतं, तुमची खोली कोणती. बाबांना दर आठवड्याला तुमच्यापर्यंत चालत यायला जमेल का, तेही बघितलं. जमेल. माझ्यापेक्षा भराभर चालतात, फक्त मध्येच कविता आठवली की थांबतात.

पण आता प्रकरण हाताबाहेर गेलंय. त्यांना वाटतंय की खोली त्यांच्यासाठी आहे. काल टेकडीवर यायला साफ नकार दिला. नातीची वेणीसुद्धा घातली नाही. माझ्या हातचा चहा वास घेऊन पितात. खाटेखालून जुनी बॅग काढून पुसून ठेवली आहे. तुम्ही कळवलंत त्याप्रमाणे येत्या रविवारी ते तुमच्या दारात उभे राहतील आणि तुम्ही तर किल्ली शनिवारीच मालकाच्या हाती देणार!

मी सांगितलं तर त्यांना ते खरं वाटणार नाही. माझ्यावरचा विश्वास उडालाय, आणि तो मला मोलाचा होता, आत्या. आता तुम्हीच काय ते सांगा. पत्रात नको, पत्रातल्या चुका ते शोधत बसतील.

तुमची माया माझ्यावर राहू दे. घरात सध्या तिची टंचाई आहे.

तुमची,
सूनबाई


शनिवार, ३ फेब्रुवारी

अक्का,

आज नमस्कार लिहायला हात वळत नाही.

तुझं पत्र आलं. एकदा वाचलं, गलबललो. दुसऱ्यांदा वाचलं आणि मुद्रितं तपासायची सवय आड आली. निळ्या खिडक्या. अंगणातली बाकडी. अक्का, मी तुला भिंत लिहिली होती, फाटक लिहिलं होतं, पाटी लिहिली होती. खिडक्यांचा रंग लिहिला नव्हता. फाटकातून त्या दिसतही नाहीत. परवा मी एकटा बसने गेलो, भिंतीला वळसा घालून मागच्या बाजूने पाहिलं. निळ्याच आहेत.

म्हणजे तूही! तुझं पहिलं पत्र परत काढलं. बसपासून किती चालावं लागतं, सावली आहे का, दर आठवड्याला जमेल का. मला वाटलं, काळजी. तीही मोजदादच होती तर. मुलगा, सून, नात आणि वर तू. सगळ्यांनी मिळून माझी पाठवणी ठरवली आणि मला तेवढं विचारायचं राहिलं.

बॅग भरून ठेवली आहे, पण आता कुठे जायचं ते कळत नाही. तू येऊ नको म्हणालीस. धुक्यात उभ्या पोराला पुढचा आवाजच बंद झाला तर त्याने कोणत्या बाजूला पाऊल टाकावं? मला एवढंच सांग, की मी कधी तुला

थांब. घरात मी एकटा आहे, मुलगा आणि सून नातीला घेऊन, कुणाला तरी आणायला जातो म्हणून सकाळीच गेली, कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता जिन्यात कसला तरी आवाज येतोय. आमच्याकडे वर यायला तीन वळणं आहेत. पहिल्या वळणावर कुणीतरी थांबलं. पुन्हा चढू लागलं.

अक्का, पत्र्याच्या डब्यात काहीतरी खुळखुळतंय.

दुसरं वळण. नात कुणाला तरी बजावते आहे की कठडा धरा, घाई करू नका. आणि ते जे कोणी आहे, ते धापांच्या मधे मधे पुटपुटतंय. मी इथून स्वच्छ ऐकतोय. टेकडीच्या पलीकडे, आपुल्या माणसांपाशी.

दार वाजलं.