आमच्या वेळची केमिस्ट्री

शुक्रवार, ५ सप्टेंबर. संध्या. ६.१०
स्वानंदीच्या शाळेतून आत्ताच आलो. काउन्सेलर मिस पामर. बाई हसतमुख, विचार भलतेच. म्हणे, पोरीवर स्ट्रेस आहे. अकरावीतली पोर! रोज पाच तास झोपते, वर्गात पेंगते, व्हायोला वाजवणं बंद झालंय. तेव्हा एपी केमिस्ट्री, म्हणजे ती शाळेतच करायची कॉलेजची केमिस्ट्री, ड्रॉप करू द्या. हातात फॉर्म दिला. सही हवी. शेवटची तारीख १९.
सही करणार नाही. केमिस्ट्री सोडली तर ॲडमिशनचं काय? आमच्या वेळी स्ट्रेस फक्त मेकॅनिक्सच्या पुस्तकात असायचा. फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. विषय संपला.

त्याच दिवशी, रात्री ८
विषय संपलेला नाही. जेवताना स्वानंदी रडली. उत्तरा म्हणाली, राजीव, बायको म्हणून सांगते, तू तिचं टाइमटेबल दोन आठवडे जगून दाखव. म्हटलं, आनंदाने! बारावीला केमिस्ट्रीत ९६ आहेत माझे. ठरलं. सोमवारपासून पोरीच्या वेळेला उठायचं, तिचा सगळा होमवर्क करायचा, शेवटी टेस्ट. ऐंशीच्या वर मिळाले तर केमिस्ट्री चालू. कमी मिळाले तर सही. दुसरी शक्यता केवळ सभ्यता म्हणून मांडली.

शनिवार, ६ सप्टें.
आमच्या कॅरी गावातल्या मराठी मंडळाचा गणपती. जेवणाच्या लाइनीत गुरुदत्तला ही पैज सांगितली. माझा ऑफिसमधला मित्र, म्हटलं पोटात राहील. मसालेभातापर्यंत पोचेतो सगळ्या हॉलला माहीत. बरंच झालं. आता माघार नाही.

सोमवार, ८ सप्टें. पहाटे ५.४०
उठलो. स्वानंदी आधीच उठून बसलेली. तिची बस ६.२५ ला. हवा छान आहे. यात कसला स्ट्रेस?

दु. २.१५
मीटिंगमध्ये डोळा लागला. कॅमेरा चालू होता. मॅनेजरने तब्येत विचारली. मी शांत माणूस आहे, एवढंच यातून सिद्ध होतं.

संध्या. ५
होमवर्क मिळाला. केमिस्ट्रीचे २२ प्रश्न, हिस्टरीची ४० पानं, प्रीकॅल्क्युलस, इंग्लिशचा निबंध. शिवाय सायन्स ऑलिम्पियाडची तयारी आणि शनिवारी फूड बँकेत व्हॉलंटियरिंग. आठवड्याचा दिसतोय म्हटलं. आजचा आहे, स्वानंदी म्हणाली.

मंगळवार, ९ सप्टें.
२२ पैकी ९ बरोबर. बाकी १३ हा पद्धतीतला फरक. आमच्याकडे स्टेप्सना मार्क असायचे.
शाळेत लंच सव्वीस मिनिटांचा, म्हणून मलाही तेवढाच. मायक्रोवेव्हच्या रांगेत अकरा गेली. पोळी-भाजी उभ्याने खाल्ली, ठसका लागला. सैनिक असेच जेवतात.

गुरुवार, ११ सप्टें.
हिस्टरीत सात जुनी कागदपत्रं वाचून त्यांच्या आधारे निबंध लिहायचा असतो. मी ती न वाचता लिहिला. मुद्देसूद झाला होता. स्वानंदीने सातपैकी एक दिला. तो एक कशाचा विचारलं, तर म्हणाली, बाबा, तुझं मत ठाम आहे.
केमिस्ट्रीच्या वर्कशीटवर हल्ली कबीरचं नाव असतं. हा तिच्या वर्गातला. थेट माझ्या फोनवर पाठवतो. स्वानंदी म्हणते, त्याचं स्कॅन स्वच्छ येतं. मुलं एकमेकांना मदत करतात, चांगलं आहे.

शुक्रवार, १२ सप्टें.
नोंद करण्यासारखी गोष्ट. स्वानंदी तीन दिवस दहाच्या ठोक्याला झोपते. सकाळी आपणहून गुणगुणत होती. माझं बघून वळण लागलं. उत्तराला हे सांगितलं तर ती तोंडावर ओढणी धरून किचनमध्ये गेली. मिस पामरना डिग्री घेऊन जे जमलं नाही, ते मी पाच दिवसांत केलं.

शनिवार, १३ सप्टें.
फूड बँक. चार तास कॅन रचले. पाठ धरली. स्वानंदीने शेक दिला.

रविवार, १४ सप्टें.
मी खाली इक्विलिब्रियमशी झुंजत असताना वरून व्हायोला ऐकू आला. मार्चनंतर पहिल्यांदा. पेन ठेवून ऐकत बसलो. सुंदर वाजवते यार. होमवर्क विसरून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो, खोटं कशाला सांगू.
लगेच सावरलो. म्हणजे पोरीला वेळ मिळतो! केमिस्ट्री सांभाळून व्हायोला! मिस पामरना ईमेल ठोकला, मुलगी पुन्हा वाजवते आहे, नीट झोपते आहे, सबब आपला स्ट्रेस निकालात निघाला आहे. उत्तर लगेच. म्हणे, वाचून फार आनंद झाला. बाईंनी शस्त्रं खाली ठेवली.

मंगळवार, १६ सप्टें.
आमटीत मीठ कमी म्हणून उत्तरावर ओरडलो. नंतर म्हटलं, माझ्यावर किती काम आहे ते या घरात कुणाला कळतच नाही. ती म्हणाली, हेच वाक्य याच टेबलावर आधी एकीने म्हटलं होतं, तेव्हा तू तिला आळशी म्हणालास. संदर्भ वेगळा होता.
पुण्याला आईला फोन करायचा दुसऱ्यांदा राहिला. बीपी १४८.
स्वानंदी मात्र रोज तासभर शेजारी बसून केमिस्ट्री समजावते. एकच गोष्ट चार-चार वेळा. एकदाही आवाज चढत नाही. सातवीत मी तिला फ्रॅक्शन्स शिकवताना पेन्सिल भिंतीवर फेकली होती. तिला आठवत नसावं.

गुरुवार, १८ सप्टें.
टेस्ट. शंभरपैकी ३७.
पेपर लांबलचक होता. खुर्ची अवघड. कॅल्क्युलेटर अनोळखी. उत्तरा म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. गुरुदत्तचा मेसेज आला, किती मिळाले? फोन बिघडलाय, असं त्याच फोनवरून कळवलं.

संध्या. ७
शांतपणे विचार केला. हार वेगळी, औदार्य वेगळं. उद्या शेवटच्या दिवशी मी स्वतः शाळेत जाऊन सही करणार. ३७ मिळाले म्हणून नव्हे. बाप म्हणून. स्वानंदीला पत्ता लागू द्यायचा नाही, सरप्राइज. मिस पामरसाठी छोटं भाषण तयार केलंय. तीन मुद्दे.

शुक्रवार, १९ सप्टें. संध्या. ६
अर्धा दिवस सुट्टी टाकली. फॉर्म काढला, शर्ट इस्त्रीचा घातला, गेलो. दुसऱ्या मुद्द्यावर मिस पामरनी हळूच थांबवलं. स्वानंदीची केमिस्ट्री आठ तारखेलाच सुटली आहे. फॉर्म शाळेच्या वेबसाइटवर असतो, कुणीही प्रिंट काढतं. सही एकाच पालकाची लागते. उत्तराची होती.
बावीस वर्षं आयटीत आहे. पीडीएफला कुलूप लावून बसलो होतो.
म्हणजे गेले अकरा दिवस या घरात एपी केमिस्ट्री फक्त मी करत होतो.
घरी येऊन उत्तराला जाब विचारला. म्हणाली, तुझा रिझल्ट लागेपर्यंत माझ्या पोरीला तसंच ठेवायचं होतं की काय?
मग स्वानंदीला विचारलं, तुझा विषय सुटला होता, तर रोज माझ्याजवळ बसून का शिकवत होतीस? हसायला? आधी खांदे उडवले तिने. मग इंग्लिशमध्ये म्हणाली, हसत नव्हते बाबा, ते सगळं एकटीने करताना कसं वाटतं ते मला माहितीये, तुला एकटं सोडवेना.
ती एकटी होती. वरच्या मजल्यावर, आमच्याच घरात. आणि मी खाली बसून तिला आळशी म्हणत होतो. फार वाईट वाटलं. डोळे पुसताना तिने पाहिलं, तेव्हा म्हटलं, ॲलर्जी आहे, सप्टेंबरात कॅरीत सगळ्यांनाच होते. तिने टिश्यूचा बॉक्स आणून दिला.

संध्या. ७.३०
कबीरचा मेसेज. काका, सोमवारची वर्कशीट पाठवू का? मोठी आहे. लिहिलं, नको रे, फार स्ट्रेस होतो.
पाठवल्यावर पुन्हा वाचलं. डिलीट करायला गेलो, तोवर त्याने थम्स-अप दिला होता.