वासूच्या पदाला वन्समोअर

गिरगाव, मार्गशीर्ष वद्य नवमी, शके १८१६

डोकं अजून तापलेलंच आहे. वासूच्या वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी घरी म्हणायचं म्हणून चार महिने खपून पद रचलं, चाल बांधली. धाकट्या भावामागे एवढं तरी करावं. आज कचेरी सुटल्यावर ठाकूरद्वारी भास्कररावांच्या बिऱ्हाडी जाऊन ऐकवलं. त्यांना गाण्यातलं कळतं. आधीच बजावलं होतं, दोष सांगा, भीड धरू नका.

त्यांच्या आई पलीकडे सुपात तांदूळ निवडीत होत्या. मी पहिलं कडवं म्हटलं आणि त्यांचा हात थांबला. पद संपेपर्यंत तो तसाच सुपात होता.

आणि भास्करराव? मांडीवर थाप मारून म्हणतात, "वाहवा. वन्समोअर." मेलेल्या भावाच्या पदाला वन्समोअर. नाटकगृह आहे काय हे? वर सल्ला, "जोगिया छान लागलाय हो नाना, पण शेवटी एक तान टाका. लोक डोक्यावर घेतील." कोणते लोक? वासूला रडायला जमलेले?

पण त्यांच्यावर किती चिडू? मी तिथून उठायला हवं होतं. उठलो नाही. पेटी पुढे ओढली आणि पुन्हा म्हटलं, तानेसकट. गळा असा फिरला की माझं मलाच बरं वाटलं. वासू तेवढ्यात आठवलासुद्धा नाही.

त्यांच्या आई मात्र या खेपेस खाली मान घालून तांदूळ निवडीत राहिल्या. हात एकदाही थांबला नाही.